घर विकायला काढण्याआधी: मालवण किनाऱ्यावरच्या घरांचे हरवलेले कागद

मालवण तालुक्यातले घर विकायला काढले की खरेदीदाराचा वकील सुरुवातीलाच तीन गोष्टी मागतो: सातबारा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. सातबारा बहुतेकांकडे असतो. परवानगीच्या जागी घरपट्टीची पावती पुढे केली जाते, आणि भोगवटा प्रमाणपत्र नावाचा वेगळा कागद असतो हे अनेकांना त्याच दिवशी कळते. मग घाईघाईने ग्रामपंचायतीत फेऱ्या सुरू होतात, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याची रजा संपत येते, आणि कोणीतरी सांगते की एवढे काही लागत नाही, दस्त नोंदवून टाका. या लेखाचे म्हणणे नेमके या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. किनाऱ्यावरच्या घराच्या बाबतीत परवानगीचा कागद ही नोंदणी कार्यालयाची औपचारिकता नाही. ते घर तिथे उभे ठेवण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पडले तर पुन्हा बांधण्याचा हक्क त्या कागदावर ठरतो, आणि खरेदीदार पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी या हक्कासाठी. म्हणून कागद नसेल तर ते विक्रेत्याने खरेदीदाराच्या आधी शोधून काढावे, जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते दुरुस्त करून घ्यावे आणि उरलेले लेखी सांगून विकावे. लपवून विकण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

आधी हे मान्य केले पाहिजे की कागद नाहीत म्हणून कोकणातला घरमालक लबाड ठरत नाही. देशावर वस्ती गावठाणात एकवटलेली असते, तिथे घर कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होते हे नकाशावर दिसते. सिंधुदुर्गात वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली आहे. माडांच्या बागेत, वरकस जमिनीच्या कडेला, खाडीकाठी पिढ्यानपिढ्या घरे उभी राहिली आणि कित्येक गावांत गावठाण एकतर नाहीच किंवा अगदी छोटे आहे. त्यामुळे गावठाणासाठी लिहिलेल्या सवलती इथल्या घरांना सहज लागू पडत नाहीत. कायदेही एकेक करून आले. ग्रामपंचायतीची परवानगी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने आली. आजची बिनशेती परवानगी १९६६ च्या जमीन महसूल संहितेतली. प्रादेशिक व नगररचना अधिनियमही १९६६ चाच. त्यानुसार नगरपरिषदेबाहेरच्या भागात, जिथे प्रादेशिक योजना लागू आहे तिथे, बांधकामाला जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातली परवानगी लागते. किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड, १९ फेब्रुवारी १९९१ ला आले. आजोबांनी चिरे आणून घर बांधले तेव्हा यातले काही नव्हते. वडिलांनी मागे स्लॅबची खोली काढली तेव्हा बरेच होते, पण सरपंचाला सांगितले आणि घर नंबर पडला की काम झाले अशीच समजूत होती. पुढे पर्यटन वाढले, तारकर्ली-देवबागेत घरावर घर चढले आणि वरच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी निघाल्या. एकाच छपराखाली तीन काळांची बांधकामे आणि तीन वेगवेगळे कायदे, अशी इथली सर्वसाधारण स्थिती आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे 'घराला परवानगी आहे का' हा प्रश्न सोडून देणे आणि घराच्या प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारणे. हा भाग केव्हा बांधला, तेव्हा कोणाची परवानगी लागत होती, आणि ती घेतल्याचा काय पुरावा आहे? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, ज्याला आपण असेसमेंटचा उतारा म्हणतो, तो या दृष्टीने एकदा नीट वाचून पाहा. त्यात मालकाचे नाव असते, भोगवटा करणाऱ्याचे नाव असते, मिळकतीचे वर्णन असते आणि क्षेत्रफळ असते. कित्येक उताऱ्यांवर वर्णन अजून 'चिरेबंदी कौलारू' असेच असते आणि क्षेत्रफळ ओटी, माजघर, पडवी एवढ्याचेच. जागेवर मात्र मागे आरसीसीची न्हाणीघरे आणि वर जिना चढून दोन खोल्या दिसतात. मालकाच्या रकान्यात वारलेल्या आजोबांचे नाव आणि भोगवट्याच्या रकान्यात धाकट्या काकांचे, हेही नेहमीचे. खरेदीदाराचा वकील हा उतारा आणि जागेवरची मोजमापे शेजारी ठेवतो तेव्हा फरक पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. तो तुम्ही आधी पाहिलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: तीस वर्षे घरपट्टी भरतो आहोत, ग्रामपंचायत ती घेते आहे, मग बांधकाम बेकायदा कसे? घरपट्टी ही जागेवर जे उभे आहे त्यावर लागते. ते कोणत्या परवानगीने उभे आहे हे कर आकारणारा तपासत नाही. कर आकारणीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत तर अनधिकृत बांधकामावर जादा शास्ती लावण्याचीच तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही हेही कायद्यातच लिहिले आहे. विजेच्या मीटरचे तसेच. मीटर घरात कोणी राहते आहे म्हणून मिळतो. तरीही या पावत्या फेकू नका. परवानगी म्हणून त्यांची किंमत शून्य असली तरी घर अमुक साली उभे होते याचा पुरावा म्हणून ती मोठी आहे. १९८० च्या सुमाराची घरपट्टीची पावती, १९९१ च्या आधीचे विजेचे बिल, जुना मोजणी नकाशा, त्या पत्त्यावर निघालेले जुने रेशनकार्ड, हे सगळे एका फाईलीत लावून ठेवा. किनाऱ्यावर या फाईलीला का महत्त्व आहे ते पुढे येतेच.

सीआरझेडचा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण मालवण किनाऱ्यावर घराची खरी किंमत तिथे ठरते. १९९१ ची अधिसूचना, मग ६ जानेवारी २०११ ची आणि त्यानंतर १८ जानेवारी २०१९ ची, अशा तीन पायऱ्यांनी हा नियम बदलत आला. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले समुद्राकडचे पहिले २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र आहे. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणले गेले, पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसे. सिंधुदुर्गातली सर्वसाधारण किनारी गावे त्यात बसत नाहीत. खाडीकाठाला वेगळे अंतर आहे. २०११ ला ते १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतले जे कमी ते होते, २०१९ ला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी. देवबागसारख्या गावात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी असल्यामुळे दोन्हीकडून मोजावे लागते. शिवाय २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांत मालवण आणि आचरा यांची नावे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत, आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. तुमचे घर या रेषांच्या कोणत्या बाजूला पडते हे अंदाजाने सांगता येत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याचा १:४००० प्रमाणातला नकाशा आणि त्यावर बसवलेला तुमचा सर्व्हे नंबर, यावरच ते ठरते.

आता ना-विकास क्षेत्रात असलेल्या जुन्या घराचा विचार करा. तिथे नवे घर सहसा बांधता येत नाही. पण आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, मूळ जोत्याचे क्षेत्र आणि मूळ चटईक्षेत्र न वाढवता, करता येते. या वाक्यातला 'अधिकृत' हा शब्दच विक्रीची किंमत ठरवतो. समुद्रापासून शंभर मीटरवरचे कौलारू घर, ज्याचे जोते १९९१ च्या आधीचे आणि कायदेशीर असल्याचे कागद आहेत, ते खरेदीदाराला अशा जागी घर ठेवण्याचा हक्क देते जिथे आज बहुतेकांना नवीन घर मिळणार नाही. तेच घर कागदाविना असेल तर खरेदीदाराच्या हाती पडते ती माडांची बाग आणि एक अनिश्चितता. हा प्रश्न पुस्तकी नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा छपरे उडाली, भिंती पडल्या. अशा वेळी दुरुस्ती आणि नव्याने बांधणी यांतली सीमा पुसट होते आणि बांधकामाची चौकशी सुरू होते. घर उभे आहे तोवर परवानगीचा कागद कोणी मागत नाही. ते पडते त्या दिवशी पहिला तोच मागितला जातो. खरेदीदाराचा वकील याचाच विचार करतो आहे, त्याला अडवणूक समजू नये.

स्थानिक परवानगी होती म्हणून भागते असेही नाही, हे केरळातल्या मराडू प्रकरणाने सगळ्या किनाऱ्याला दाखवून दिले. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या मराडू पंचायतीने २००६ मध्ये खाडीकाठच्या इमारतींना परवानग्या दिल्या होत्या. त्या परवानग्या किनारा नियमन क्षेत्राच्या अटी डावलून दिल्याचे ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ ला इमारती पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चार संकुले स्फोटके लावून पाडली गेली. त्यांत तीनशेहून अधिक सदनिका होत्या, लोकांनी रीतसर नोंदणीकृत दस्ताने घेतलेल्या. तिथल्या बहुमजली संकुलांची आणि आपल्या एकमजली घरांची तुलना होत नाही हे खरे, आणि आपल्याकडे पारंपरिक किनारी समाजाच्या घरांना अधिसूचनेतच काही जागा ठेवलेली आहे. २०१९ च्या अधिसूचनेने ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराचा निर्णय स्थानिक संस्थेकडे सोपवला आहे, पण तिनेही तो सीआरझेडच्या कसोटीवर तपासूनच द्यायचा आहे. तत्त्व तेच राहते. नोंदणीकृत दस्त, पंचायतीचा ठराव आणि भरलेली घरपट्टी या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तरी सीआरझेडची मान्यता तयार होत नाही.

दुसरा आक्षेप असा की दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, बांधकाम परवानगी विचारत नाही, मग चिंता कशाला? नोंदणीचे काम दस्त झाल्याची नोंद ठेवणे एवढेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका नियमाबद्दल निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले की विकणाऱ्याकडे मालकी आहे की नाही हे तपासणे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही. त्यामुळे नोंदणी झाली म्हणजे व्यवहार निर्दोष ठरला असा अर्थ निघत नाही. उलट विक्रेत्याची जबाबदारी वेगळ्या कायद्यात लिहिलेली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ सांगते की मिळकतीतला किंवा मालकीतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साध्या काळजीने त्याच्या लक्षात येण्यासारखा नाही, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते. वरचा मजला परवानगीशिवाय चढवला आहे हे ज्याने चढवला त्याला माहीत असतेच. त्याने गप्प राहून दस्त केला आणि वर्षभराने खरेदीदाराला नोटीस आली, तर वाद न्यायालयात जातो आणि घेतलेले पैसे व्याजासह परत करण्याची वेळ येऊ शकते. मुंबईत राहणाऱ्या निवृत्त माणसाला तारखांसाठी सिंधुदुर्गात फेऱ्या मारणे काय पडते याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

तिसरा आक्षेप काळाचा. इतकी वर्षे झाली, आता कोण विचारणार? इंग्लंडात या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे: परवानगीविना केलेल्या बांधकामावर नगररचनेची कारवाई ठरावीक वर्षांत झाली नाही तर पुढे होऊ शकत नाही, आणि ती मुदत एप्रिल २०२४ मध्ये तिथे दहा वर्षांवर नेली गेली. तिथे विक्रेते अशा उणिवेसाठी विमाही काढून देतात. आपल्याकडे अशी माफीची मुदत नाही आणि असा विमाही रूढ नाही. मेरठमधल्या एका अनधिकृत बांधकामाच्या खटल्यात १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रशासनाने उशीर केला, मालकाने बरेच पैसे घातले किंवा बरीच वर्षे लोटली, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. त्याच निर्णयात बँकांना सांगितले आहे की पूर्णत्वाचे किंवा भोगवट्याचे प्रमाणपत्र तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नये. या एका निर्देशाने तुमच्या ग्राहकांची संख्या बदलते. कर्ज काढून घर घेणारा नोकरदार बाहेर पडतो, उरतो तो रोख पैसेवाला. आणि तोच किंमत पाडून मागतो.

चौथा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. आपण होऊन कार्यालयात गेलो तर झोपलेली फाईल जागी होईल, नोटीस येईल, आणि शेजाऱ्यांची तीच स्थिती असताना आपलेच घर डोळ्यांवर येईल. म्हणूनच सरळ अर्ज करायला जा असा सल्ला मी देत नाही. सुरुवात स्वतःच्या घरात करावी. एखाद्या परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून घर जसे आहे तसे मोजून नकाशा काढून घ्या, त्यात कोणता भाग कोणत्या काळातला हे दाखवा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी पक्क्या करा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. आपल्याच घर नंबरची किंवा सर्व्हे नंबरची परवानगी, मंजूर नकाशा, बिनशेती आदेश, ग्रामपंचायतीचा ठराव यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हा अर्ज जुना कागद मागण्याचा असतो, त्यात कोणतीही कबुली नसते. जुनी परवानगी दिली गेली होती पण घरात सापडत नाही अशी उदाहरणे कमी नाहीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात बिनशेतीचा आदेश आणि नगरपरिषदेत मंजूर नकाशा मिळून गेला की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. हे सगळे हातात आल्यावरच ठरवायचे की पुढे कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा, की करायचाच नाही.

कागद हाती आल्यावर घर साधारण तीनपैकी एका स्थितीत असते. सगळ्यांत सोपी स्थिती मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीसारख्या नगरपरिषदांच्या हद्दीत जास्त आढळते: परवानगी घेतली, घर बांधले, पण पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे राहिले. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असेल किंवा फरक किरकोळ असेल तर इंजिनिअरचा दाखला आणि तडजोड शुल्क भरून हे काम होते. विक्रीआधी एवढे करून घेतले नाही तर तुम्ही स्वतःच किंमत कमी करून घेता. दुसरी स्थिती म्हणजे परवानगीच नाही, पण बांधकाम नियमांत बसते: जागा सीआरझेडच्या मनाईबाहेर, अंतरे सुटलेली, पोहोच रस्ता आहे, चटईक्षेत्र मर्यादेत. १९६६ च्या नगररचना अधिनियमात असे बांधकाम राहू देण्यासाठी परवानगी मागण्याची वाट आहे. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी २०१७ मध्ये त्याच कायद्यात कलम ५२ अ घातले गेले. जमीन बिनशेती नसेल तर त्याचीही सोय पाहावी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल संहितेच्या कलम ४२ ड ने ती वाट सुकर केली आहे. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली २ डिसेंबर २०२० ला आली आणि त्यानंतर ग्रामीण भागातल्या लहान घरांची प्रक्रियाही सैल झाली. पण ही सवलत आज बांधणाऱ्यासाठी आहे. दहा वर्षांपूर्वी चढवलेला मजला त्यामुळे आपोआप अधिकृत होत नाही.

तिसरी स्थिती म्हणजे नियमांत न बसणारे बांधकाम. ना-विकास क्षेत्रात जुन्या जोत्याबाहेर काढलेल्या खोल्या, किंवा कौलारू घरावर चढवलेला मजला. सीआरझेड हा केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा नियम आहे, राज्याच्या दंड भरून नियमित करण्याच्या तरतुदीने तो ओलांडता येत नाही. इथे अर्ज करून काही साधत नाही आणि तसे तुम्हाला कोणी आश्वासन देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. दोनच प्रामाणिक पर्याय उरतात. एक, वाढीव भाग काढून मूळ घर मूळ जोत्यावर आणायचे आणि त्या जुन्या घराचे पुरावे घट्ट करून तेवढेच विकायचे. हे ऐकायला कठीण वाटते, पण वरच्या खोल्यांच्या भाड्यापेक्षा स्वच्छ जुन्या जोत्याची किंमत किनाऱ्यावर जास्त असू शकते. दुसरा, सगळे जसे आहे तसे लेखी सांगून, वाढीव भागाची किंमत शून्य धरून विकायचे. विजयदुर्गसारख्या गावात आणखी एक गोष्ट तपासावी लागते: किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे आणि अशा स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. तिथे पुरातत्त्व खात्याच्या यंत्रणेची मान्यता वेगळी लागते.

या टप्प्यावर कोणीतरी जुन्या तारखेचा दाखला आणून देतो असे सांगते. कोरे लेटरहेड, मागच्या साली सरपंच असलेल्या माणसाची सही, जावक नंबर मध्येच घुसवलेला. यापासून पूर्ण दूर राहा. असा कागद खरेदीदाराला दाखवला की नियमांची उणीव ही फौजदारी बाब होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखाली बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल होतो. आणि तो पकडणे सोपे असते, कारण ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या वहीत त्या तारखेला तो विषय नसतो. परवानगी नसलेल्या घराला गिऱ्हाईक मिळते. खोट्या परवानगीचे घर विकले जाते तेव्हा विकणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार कायमची राहते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराची भाषा. जे सापडले आणि जे सापडले नाही ते साठेखतातच लिहा. घराच्या भागांचे वर्णन वेगवेगळे करा: मूळ कौलारू घर, त्याचे क्षेत्रफळ, त्याच्या पुराव्यांची यादी, मागील स्लॅबचा भाग, त्याची परवानगी उपलब्ध नाही, वरचा मजला, त्याची परवानगी घेतलेली नाही. खरेदीदाराने हे वाचले, स्वतःच्या इंजिनिअरकडून तपासले आणि किंमत हे लक्षात घेऊन ठरली, असे स्पष्ट वाक्य घाला. नियमित करून देण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल तर मुदत लिहा, खर्च कोणाचा ते लिहा, आणि मंजुरी नाकारली गेली तर विसार परत कसा करायचा तेही लिहा. रकमेचा काही भाग मंजुरी येईपर्यंत राखून ठेवण्याची अट दोघांनाही सोयीची असते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. असे लिहिल्याने फसवणुकीच्या आरोपापासून तुमचे संरक्षण होते, पण बांधकाम अधिकृत होत नाही. नोटीस आली तर ती पुढच्या मालकालाच येणार, आणि हे त्यालाही समजलेले असले पाहिजे. सगळे उघड सांगितले तर किंमत पडते हे खरे आहे. पण ती तुमच्या अटींवर, तुमच्या समोर, एकदाच पडते. तेच सत्य खरेदीदाराच्या वकिलाने शोधून काढले तर किंमत पडतेच, शिवाय बाकीच्या प्रत्येक कागदावरचा विश्वास उडतो आणि कित्येकदा व्यवहारच मोडतो.

बांधकामाच्या कागदांच्या नादात जमिनीचे दोन प्रश्न मागे राहतात. घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची अशी स्थिती सिंधुदुर्गात आहे. सातबाऱ्यावर मालकी एका घराण्याची आणि इतर हक्कात दुसऱ्याच्या घराची नोंद. अशा वेळी तुम्ही नेमके काय विकता आहात ते आधी ठरवा. जमीन शेतीचीच असेल तर कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला ती विकू देत नाही, आणि कुळ कायद्याने मिळालेली असेल तर कलम ४३ चा शेरा पाहा. त्याची सोय २०१४ च्या दुरुस्तीने बरीच सोपी केली आहे: खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर जमिनीच्या महसुली आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती विकता येते. सहहिस्सेदारांच्या सह्या आणि वारसनोंदी यांना जो वेळ लागतो तो सगळ्यांना माहीत आहे. बांधकामाची चौकशी त्याच्याबरोबरच सुरू करावी, नंतर नव्हे.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल आणि घर विकण्याचा विचार मनात असेल, तर जाहिरात देण्याआधी आणि कोणाकडूनही विसार घेण्याआधी एवढे करा: नमुना ८ चा उतारा काढा, इंजिनिअरला घर मोजायला बोलवा, माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत आणि एक तहसीलमध्ये द्या, आणि सर्व्हे नंबर किनारा आराखड्यात कुठे पडतो ते त्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. या चार गोष्टींची उत्तरे हातात येईपर्यंत किमतीचा आकडा कोणालाही सांगू नका.